हांकेचें अंतर

कोस, मैल, किलोमीटर हीं अंतराचीं मापें सरकारांनीं वेळोवेळीं ठरविलीं. परंतु मराठी भाषेनें स्वतःच्या अनुभवांतून एक निराळेंच माप घडविलें आहे. "त्यांचें घर येथून हांकेच्या अंतरावर आहे," असें आपण सहज बोलून जातों. या मापाचा गज पेठेंत मिळत नाहीं. वाऱ्याची दिशा, हांक मारणाऱ्याचा दम आणि ती ऐकणाऱ्याची वृत्ति यांवर तें कमीअधिक होतें. तरी माणसामाणसांतील नात्याचें जेवढें नेमकें मोजमाप या तीन शब्दांत आहे, तेवढें मैलांत किंवा किलोमीटरांत नाहीं. हांकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसानें हांक आली असतां 'ओ' दिली पाहिजे, असा करार त्या शब्दांत गृहीतच धरलेला असतो. मग घर जागच्या जागीं ठेवून, एकाही वस्तूला न हलवितां, हें अंतर वाढवितां येईल काय? आणि येत असल्यास तसें करण्याचा अधिकार कोणास आहे? हा प्रश्न मला एका खिडकीनें विचारावयास लावला.

मालवणच्या दक्षिणेस, वायरीकडून तारकर्ली-देवबागाकडे जाणाऱ्या किनारपट्टीवर आमचें वडिलोपार्जित घर आहे. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती, वर कौलें, पुढें खळें, मग ओटी, मग माजघर आणि मागील बाजूस एक लहानशी खोली, असें हें त्या मुलखांतील इतर घरांसारखेंच घर. मागच्या खोलीला एकच खिडकी. तिच्यांतून तिरपें पाहिलें तर माडांच्या खोडांमधून समुद्राची एक पट्टी दिसते. आणि सरळ पाहिलें तर पंधरा-वीस हातांवर शेजारच्या काकींचें मागील दार दिसतें. माझा पुतण्या कांहीं वर्षें मुंबईंत नोकरी करून गांवीं परतला व त्या खोलींत त्यानें ध्वनिमुद्रणाचा संसार मांडला. मराठी पुस्तकें मोठ्यानें वाचून त्यांचीं ध्वनिमुद्रणें प्रकाशकांकडे पाठवावयाचीं, हा त्याचा चरितार्थ. आणि दशावतारी नाटकांतील वयोवृद्ध नटांकडून जुनीं पदें गाऊन घेऊन तीं पेटी, मृदंग व झांज यांसह जतन करावयाचीं, हा त्याचा ध्यास. दोन्ही कामें चांगलीं आहेत याविषयीं माझ्या मनांत तेव्हांही शंका नव्हती व आजही नाहीं.

पहिल्याच पुस्तकाचें ध्वनिमुद्रण परत आलें. वाचन स्वच्छ आहे, परंतु पाठीमागें सतत घरघर ऐकूं येते, असा शेरा होता. ही घरघर कसली, हें घरांतल्या आम्हां कोणाला उमजेना. पंखा बंद होता, विहिरीवरचा पंप बंद होता, रस्त्यावर वाहन नव्हतें. दोन दिवस शोध केल्यावर ध्यानांत आलें कीं, ती समुद्राची गाज होती. जी गाज आमच्या तीन पिढ्यांनीं पाळण्यांतल्या वयापासून ऐकली, तीच आम्हांस ऐकूं येईनाशी झाली होती. यंत्रानें मात्र ती इमानेंइतबारें टिपून ठेविली होती.

माणसाचा कान आणि यंत्राचा कान यांतील हा भेद ध्वनिमुद्रणाच्या इतिहासांत उत्तरोत्तर वाढत गेलेला दिसतो. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैस्बर्ग कलकत्त्यास आला व त्यानें हॉटेलांतील खोल्यांमध्यें गौहरजानप्रभृति कलावंतांचें गाणें तबकड्यांवर उतरवून घेतलें. त्या काळीं गायकास कर्ण्यांत तोंड घालूनच गावें लागे. जवळचा, जोरकस आवाज तेवढा त्या कर्ण्यास कळे. दूरची कुजबुज त्याच्यापर्यंत पोंचतच नसे. यंत्र बहिरट होतें म्हणून बाहेरच्या जगाची त्यास फारशी बाधा नव्हती. १९२५ सालापासून विजेवर चालणाऱ्या मायक्रोफोननें ध्वनिमुद्रण होऊं लागलें, आणि यंत्राचा कान तिखट झाला. गायकाचा श्वास ऐकूं येऊं लागला, त्याबरोबरच शेजारच्या खोलींतील पाऊलही ऐकूं येऊं लागलें. श्रवणशक्ति जसजशी वाढली, तसतशी शांततेची गरज वाढली. आणि आज मालवणांतील एका मागच्या खोलींत बसलेल्या तरुणाला अरबी समुद्रच अडचणीचा वाटूं लागला.

समुद्राला गप्प बसविणें कोणाच्याच हातीं नव्हतें. शेजारीण मात्र हाताशीं होती. काकींचें वय ऐशींच्या पुढें; यजमान कधींच वारले, मुलगा मुंबईस. मागच्या दारीं त्यांचा दिवसभर कांहीं ना कांहीं उद्योग चाले. पाट्यावर वाटण, नारळ सोलणें, कोंबड्यांना बोलावणें, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशीं गजाली. पुतण्यानें एके दिवशीं फार संकोचानें त्यांना विनविलें कीं, सकाळीं दहापासून बारापर्यंत थोडा आवाज कमी ठेवतां आला तर बरें होईल. काकींनीं तें तत्काळ मान्य केलें. दुसऱ्या दिवसापासून त्या वाटण पुढच्या पडवींत नेऊन वाटूं लागल्या. कोंबड्यांना तोंडानें न हांकतां हातवारे करून हांकूं लागल्या. आणि कोणी मागच्या दारीं येऊन बोलूं लागलें तर ओठांवर बोट ठेवूं लागल्या. तें दृश्य पुतण्यास चार दिवसांहून अधिक पाहवलें नाहीं. "काका, मीं त्यांच्याच घरांत त्यांना चोर करून ठेवलें," असें तो मला म्हणाला.

त्याच्या या वाक्यांत शहाणपण होतें. गोंगाटाविरुद्ध कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी विभागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली आहे, आणि कर्ण्यांच्या भिंती उभारून गांवाची झोंप मोडणाऱ्यांविरुद्ध त्या नियमांचा आधार घेण्यांत कांहींच गैर नाहीं. परंतु ऐशीं वर्षांच्या बाईनें आपल्या दारांत खोबरें वाटावें, याला गोंगाट कसें म्हणावें? तो तिच्या जगण्याचा आवाज होता. ज्याला शांतता हवी त्यानें ती आपल्या खर्चानें निर्माण करावी, दुसऱ्याच्या जिभेवर ओझें ठेवून ती मिळवूं नये, असें पुतण्यानें ठरविलें. खिडकीस कांच बसवावयाची हा निर्णय अशा रीतीनें झाला. तो स्वार्थापेक्षां भिडेंतून झाला होता, हें मी मुद्दाम नमूद करतों; कारण पुढें जो पेंच उत्पन्न झाला तो दुष्ट हेतूंतून उत्पन्न झालेला नव्हता.

खिडकींतून ध्वनि अडविणें ही किती नाजूक विद्या आहे, हें मला त्यानंतरच्या दोन महिन्यांत कळलें. यांतील पहिला नियम वजनाचा. आडोसा जितका जड, तितका ध्वनि कमी शिरतो. पण कांचेचें वजन दुप्पट केलें तरी आवाज फार तर सहा डेसिबेलांनीं उतरतो, आणि कानाला तो निम्मा वाटावयाचा तर सुमारें दहा डेसिबेल उतरावा लागतो. म्हणून नुसत्या जाडीनें काम भागत नाहीं. दुसरा नियम फटीचा. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या केवळ शंभराव्या हिश्श्याएवढी फट राहिली, तर उरलेली कांच हातभर जाड असली तरी वीस डेसिबेलांपलीकडे अडवणूक होत नाहीं. आमच्या खिडकीचीं जुनीं फणसाचीं झडपें दर पावसाळ्यांत फुगत आणि दर उन्हाळ्यांत आक्रसत. त्यांच्या फटींतून वारा, मुंग्या आणि समुद्र हे तिघेही सुखानें येत-जात. तीं झडपें काढून, चौकटीभोंवतींची प्रत्येक चीर बुजवून, रबराच्या पट्ट्यांवर कांचा बसविल्या. कांचा दोन, आणि दोहोंमध्यें वीतभर अंतर. कारण मधली हवा जितकी अधिक तितके खालच्या पट्टींतले ध्वनि चांगले अडतात. दोन्ही कांचांची जाडी मात्र मुद्दाम वेगवेगळी ठेविली. प्रत्येक कांचेचा एक दुबळा सूर असतो. त्या सुराला ती जवळजवळ वाट मोकळी करून देते. दोन्ही कांचा सारख्या असल्या तर दोघींचें दुबळेपण एकाच ठिकाणीं येतें. दोन पहारेकऱ्यांना एकाच घटकेस डुलकी लागूं नये, म्हणून त्यांच्या झोंपेच्या वेळा निराळ्या ठेवाव्या, तशांतला हा प्रकार. दमट हवेनें मधल्या पोकळींत बाष्प धरूं नये म्हणून तेथें ओल शोषून घेणारे दाणे ठेविले. एवढें केल्यावर समुद्र कौलांतून आंत येऊं लागला! तेव्हां कौलांखालीं जड छत घालावें लागलें. खोली हवाबंद झाली, तेव्हां श्वासासाठीं आंतून मऊ अस्तर लावलेला वांकडातिकडा वायुमार्ग काढावा लागला. सरळ मार्गानें हवेबरोबर ध्वनिही आला असता.

शेवटीं ज्या दिवशीं दार लावून पुतण्यानें मला आंत बसविलें, त्या दिवशीं मीं आयुष्यांत प्रथमच त्या घरांत समुद्रावांचून बसलों. अगदीं खोल, छातींत जाणवणारा असा एक अंश तेवढा उरला होता. तो चिऱ्याच्या भिंतींनाही सर्वस्वीं अडवितां येत नाहीं. पुतण्यानें एका वृद्ध दशावतारी नटाचें पद ऐकविलें. म्हाताऱ्याचा आवाज थरथरत होता, पण शब्दागणिक त्यांतील वाकबगारी स्पष्ट होत होती. खळ्यांतल्या जत्रेंत, हजार माणसांच्या गर्दींत, मीं हेंच पद अनेकदां ऐकलें असेन. परंतु ते बारकावे मला कधींच ऐकूं आले नव्हते. कांचेचें हें उपकारकर्तृत्व मान्य केलेंच पाहिजे.

ज्यांना या म्हणण्याचा मोठा दाखला पाहिजे असेल त्यांनीं केसरबाई केरकर यांचें स्मरण करावें. आमच्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं त्यांचा जन्म झाला. 'जात कहां हो' ही त्यांची भैरवी साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणांत सांठविलेली आहे. आणि १९७७ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेनें जीं दोन व्हॉयेजर यानें अवकाशांत सोडलीं, त्यांवरील सोनेरी तबकडींत ती घालण्यांत आली. दुसरें यान सुटल्यावर अवघ्या अकरा दिवसांनीं, १६ सप्टेंबर रोजीं, केसरबाई निवर्तल्या. त्यांचा आवाज आज सूर्यमालेंतील वाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील पोकळींतून प्रवास करीत आहे. मला त्या तबकडीविषयीं विशेष वाटतें तें हें कीं, तिच्यावर वारा, पाऊस आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा यांचेही ध्वनि मुद्रित केलेले आहेत. मात्र ते गाण्याच्या पाठीमागें घरघरत नाहींत, स्वतंत्र भागांत आहेत. गाणें नीट ऐकूं यावें म्हणून लाटांना बाजूस सारलें, पण त्यांना टाकून दिलें नाहीं. त्यांचीही जागा राखली. बाजूस सारणें आणि टाकून देणें या दोहोंतील हा फरक पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

खोली पुरी झाल्याचें पाहण्यासाठीं काकी आल्या. त्यांनीं कांचेवर टिचकी मारून पाहिली, आंतल्या थंड हवेचें कौतुक केलें, आणि मग खिडकीकडे पाहत अगदीं सहजपणें विचारलें, "रे झिला, मिया हाक मारली तर तुका आयकाक येतली मां?"

आम्ही दोघेही निरुत्तर झालों. गेलीं पंधरा वर्षें, म्हणजे मुलगा मुंबईस कायमचा राहूं लागल्यापासून, काकींच्या रात्रीं त्या खिडकीच्या आधारावर गेल्या होत्या. कोणी तसें ठरविलेलें नव्हतें, कोणी बोलून दाखविलेलें नव्हतें. मागच्या खोलींत आमच्यापैकीं कोणीतरी झोंपे, खिडकी उघडी असे, आणि एकदां पाय घसरला तेव्हां व एकदां रात्रीं जनावर निघालें तेव्हां अशा दोन वेळां हांक आली होती व तिला ओ मिळाली होती. पंधरा वर्षांत दोन हांका! हिशेबी मनुष्य म्हणेल कीं एवढ्या क्वचित् प्रसंगासाठीं एक खिडकी कायमची उघडी ठेवणें परवडणारें नाहीं. पण त्या दोन हांकांपेक्षां उरलेल्या सर्व रात्रींचें मोल अधिक आहे. हांक मारावी लागली नाहीं त्या रात्रींही, ती मारली तर ऐकूं जाईल या भरंवशावरच म्हातारीला झोंप लागत होती. आम्ही कांच बसविली ती समुद्रासाठीं. तिनें शेजार अडविला.

'ऐकणें' या मराठी क्रियापदाचे दोन अर्थ येथें मला फार उद्बोधक वाटतात. "मला पाऊस ऐकूं येतो" यांत ऐकणें हा कानाचा धर्म आहे. "तो आईचें ऐकतो" यांत तो मनाचा धर्म आहे. तेथें ऐकणें म्हणजे मानणें, आपलें वागणें दुसऱ्याच्या शब्दानें बदलूं देणें. भाषेनें हे दोन अर्थ एकाच शब्दांत ठेविले यांत तिचा आळस नाहीं. जें कानावर पडतच नाहीं तें मानण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. म्हणून 'कानांवर हात ठेवणें', 'कानाडोळा करणें', 'कानाआड करणें' हे सारे वाक्प्रचार आपण दोषारोपासाठीं वापरतों. परंतु दोहों हातांनीं कान झांकून घेणाऱ्याला आपण कान झांकले आहेत याची जाणीव तरी असते. हात दुखूं लागतात. कांच दुखत नाहीं. एकदां बसविली कीं ती आपल्या वतीनें रात्रंदिवस न ऐकण्याचें काम करीत राहते, आणि आपण मात्र स्वतःला सज्जन समजत निजूं शकतों.

यावर कोणी असें म्हणेल कीं, न ऐकणें ही तर मनुष्याची स्वाभाविक गरज आहे. सर्वच ऐकूं लागलों तर वेड लागेल. आम्ही स्वतःच समुद्राला ऐकेनासे झालों होतों, मग कांचेनें तेंच केलें तर काय बिघडलें? हा आक्षेप वरवरचा नाहीं. एकाग्रता म्हणजे तरी काय? एका गोष्टीसाठीं शंभर गोष्टींना दार लावणें. परंतु मनाचें दार आणि कांचेचें दार यांत एक मोठा फरक आहे, आणि तो विज्ञानानेंही दाखवून दिला आहे. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञानें १९५३ सालीं दोन कानांत दोन निरनिराळीं भाषणें ऐकवून असें दाखविलें कीं, मनुष्य एका भाषणाकडे लक्ष देऊं लागला म्हणजे दुसऱ्यांतील आशय त्याला जवळजवळ कांहींच सांगतां येत नाहीं. पुढें १९५९ सालीं नेव्हिल मोरे यानें त्याच तऱ्हेचा प्रयोग केला, तेव्हां ज्या कानाकडे दुर्लक्ष चाललें होतें त्या कानांत स्वतःचें नांव उच्चारलें गेलें असतां तें पुष्कळांच्या, सुमारें एकतृतीयांश लोकांच्या, ध्यानांत आलें असें आढळलें. प्रयोगशाळा नसतांही आपल्या घरोघरच्या आयांना हें ठाऊक आहे. मेघगर्जनेनें न जागणारी आई पाळण्यांतल्या किंचित् कुरकुरीनें खडबडून उठते. मन जेव्हां दार लावतें तेव्हां तें कडीवर हात ठेवून बसलेलें असतें; समुद्राला तें बाहेर ठेवतें आणि हांकेला आंत घेतें. कांचेच्या ठायीं हा विवेक नाहीं. तिच्या दृष्टीनें लाट आणि म्हातारीची किंकाळी या दोन्ही हवेच्या कंपनाच्या कमीअधिक मात्रा होत.

दुसरा आक्षेप साधनेच्या बाजूनें येईल. एकांतावांचून कोणतें थोर कार्य झालें आहे? तुकोबा भंडाऱ्याच्या आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसत, तेही जनांच्या कोलाहलापासून दूर जाण्यासाठींच. हें खरें, पण तुकोबा उठून गेले. आपण देहूंतून निघाले आहोंत हें त्यांनाही ठाऊक होतें आणि देहूलाही ठाऊक होतें. ज्याला हांक मारावयाची तो गांवांत नाहीं हें कळल्यावर मनुष्य दुसऱ्या कोणाला तरी हांक मारतो. कांच लावून बसलेला मनुष्य घरांतच दिसतो, त्याचा दिवा जळतांना दिसतो, ओठ हलतांना दिसतात. आणि हांक मात्र त्याला पोंचत नाहीं. हा एकांत असून सोबतीचा देखावा करतो, म्हणून तो अधिक फसवा आहे. डोंगरावरचा साधक खालीं उतरला कीं लोकांत येतो. खिडकीआडचा मनुष्य लोकांत असूनही केव्हां दूर गेला हें त्याचें त्यालाही कळत नाहीं.

आणि या मार्गानें शेवटपर्यंत गेलें तर मिळतें काय? जॉन केज या अमेरिकन संगीतकारानें हार्वर्ड येथील पूर्णपणें निःशब्द केलेल्या एका खोलींत बसून पाहिलें. त्याला तेथें दोन ध्वनि ऐकूं आले, एक उंच व एक खर्जांतला. पहिला तुझ्या मज्जासंस्थेचा व दुसरा तुझ्या रक्ताभिसरणाचा, असें तेथील तंत्रज्ञानें त्यास सांगितल्याचें केज लिहितो. साऱ्या जगाला बाहेर घालविल्यावर माणसाला अखेर स्वतःचेंच रक्त ऐकूं येतें. क्षणभर तें ऐकणें उपयुक्त असेल. पण जन्मभर तेवढेंच ऐकत राहणाऱ्याला आपण सुखी म्हणूं काय?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. आजकाल प्रत्येकाच्या हातीं फोन आहे. मग हांकेची आवश्यकता ती काय? परंतु ध्वनिमुद्रण चाललें असतां फोन मुका ठेवावा लागतो, हा झाला एक भाग. आणि मोरीशीं पडलेल्या म्हातारीचा फोन ओटीवरच्या फळीवर असतो, हा दुसरा. हांक गळ्यांत असते. तिला विजेची, अंकांची, चष्म्याची गरज लागत नाहीं; जोंवर श्वास आहे तोंवर ती बरोबर असते. म्हणूनच निसर्गानें संकटकाळासाठीं माणसाला ती दिली.

मग खिडकी फोडावयाची काय? पुतण्या त्यालाही तयार झाला होता. परंतु त्याचा चरितार्थ बुडवून आणि त्या वृद्ध नटांचीं पदें समुद्रांत मिसळूं देऊन काकींचें समाधान झालें नसतें. त्यांना उलट नवें दुःख झालें असतें. या पेंचांतून मला वाट सुचली ती समोरच्या किल्ल्याकडे पाहतांना. सिंधुदुर्गाचें काम शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं सुरू केलें. भर समुद्रांतल्या खडकावर सुमारें तीन किलोमीटर घेराचा तो तट आजही लाटांशीं झुंजत उभा आहे. पण महाराजांनीं नुसता तट बांधला नाहीं. त्यावर बुरुज ठेविले, बुरुजांवर माणसें ठेविलीं. जेवढा तट जाड, तेवढी टेहळणी डोळस. तट बांधून पहारेकऱ्यांना रजा देणारा किल्लेदार मूर्ख ठरला असता. मला वाटतें, आपल्या प्रश्नाचें नैतिक उत्तर यांतच आहे. बाहेरच्या जगाला आडोसा करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. परंतु आडोसा करणाऱ्यानें त्या आडोशानें जो पहारा नाहींसा झाला तो आपल्या पदरचा खर्च करून पुन्हां बसविला पाहिजे. हें कर्ज त्याचें आहे. ज्याची हांक अडली त्याचें नाहीं. आणि कोणाची हांक अडली हें त्यानें स्वतः जाऊन विचारलें पाहिजे, काकी होऊन येण्याची वाट पाहूं नये. आम्ही तेथेंच चुकलों होतों. आम्ही मिस्त्रीला विचारलें, कांचवाल्याला विचारलें. जिच्या दाराकडे ती खिडकी उघडत होती तिला तेवढें विचारलें नाहीं.

मोठ्या ध्वनिमुद्रणालयांच्या दारावर एक तांबडा दिवा असतो. तो पेटला म्हणजे बाहेरच्यांनीं समजावें कीं आंत काम चालू आहे, गप्प राहावें. पुतण्यानें हा दिवा उलटा केला. त्यानें तो खोलीच्या आंत, पुस्तक ठेवण्याच्या घडवंचीसमोर बसविला, आणि त्याच्या दोन कळा काकींच्या घरीं नेल्या. एक मागच्या दाराशीं आणि एक त्यांच्या खाटेजवळ, पडल्या जागेवरूनही हात पोंचेल इतक्या खालीं. दिवा आवाज करीत नाहीं, म्हणून ध्वनिमुद्रण बिघडत नाहीं. परंतु तो पेटला असतां वाचणाऱ्याला तो न दिसणें अशक्य आहे. रात्रीं त्याच कळांनीं माजघरांत घंटा वाजते. आंतल्याचा दिवा बाहेरच्यांना गप्प करण्यासाठीं असतो. बाहेरच्यांचा दिवा आंतल्याला उठविण्यासाठीं असावा, एवढाच तो फरक.

शहरांतून राहणाऱ्या आपणां वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं ध्वनिमुद्रणाची खोली असेल. पण कांचा कोणाच्या घरीं नाहींत? वातानुकूलित खोलीच्या, मोटारीच्या आणि कानांत बसविलेल्या लहानशा बोंडांच्या रूपानें आपण प्रत्येकजण एकेक समुद्र अडवीत असतों, आणि त्यांत बहुधा कांहीं अपराधही नसतो. त्या कांचेपलीकडे पूर्वीं कोणाची हांक येत असे, आणि तिच्यासाठीं आपण एखादा दिवा ठेविला आहे काय, एवढें मात्र ज्याचें त्यानें पाहावें.

दिवा बसविल्यानंतर तिसऱ्याच दिवशीं, वाचन ऐन रंगांत आलें असतां, तो पेटला. पुतण्या पुस्तक टाकून अनवाणी धांवला. काकी मागच्या दारीं पाटावर बसून शांतपणें नारळ सोलीत होत्या. "दिवो पेटता काय ता बघलंय, झिला," त्या म्हणाल्या. त्या आठवड्यांत तो आणखी दोनदां तसाच पेटला, आणि तिन्ही वेळां पुतण्याला तें पान प्रथमपासून वाचावें लागलें. तिसऱ्या वेळीं परत येतांना त्याच्या कपाळावर किंचित् आठी होती, ती मीं पाहिली. पुढच्या आठवड्यांत दिवा पेटला नाहीं. काकींची खात्री पटली म्हणून पेटला नाहीं, कीं ती आठी त्यांनींही पाहिली म्हणून, हें मला ठरवितां आलें नाहीं. मीं पुतण्याला एवढेंच सुचविलें आहे कीं, दिवा पेटो वा न पेटो, संध्याकाळीं काम आटोपल्यावर त्यानें एकदां काकींच्या मागच्या दारीं जाऊन यावें. सध्यां तो जातो.